तीन शास्त्रांचा विद्यार्थी : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली प्रसिद्ध होते. ती वाचताना कोणाही ज्ञातिबांधवाचे मन अभिमानाने भरून यावे, अशीच ती असते. वैद्यक, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, हिशेबतपासणी या क्षेत्रांत आपली मुले-मुली आज चमकत आहेत. परंतु त्या नामावलीत राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान वा अर्थशास्त्र या विषयांत पदवी घेतलेले नाव क्वचितच आढळते. एखाद्या मुलीने वा मुलाने हे विषय घेण्याची इच्छा दर्शविली, तर घरातील वडीलधारी माणसे चिंतातुर होतात आणि या विद्येने पोट कसे भरणार, असा प्रश्न पुढे येतो. प्रश्न गैर नाही. ज्यांनी दारिद्र्य अनुभवले आहे, त्यांनीच तो विचारलेला असतो. तथापि त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका विद्यार्थ्याच्या चरित्राने द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा विद्यार्थी आपल्या ज्ञातीत जन्मलेला नव्हता. मग त्याच्या चरित्राला या पानांत स्थान कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचा खुलासा लेखाच्या अखेरीस करू. घटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव सर्वतोमुखी आहे आणि दलितांचे उद्धारकर्ते म्हणून ते कोट्यवधी अंतःकरणांत कोरलेले आहे. येथे त्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा संकल्प नाही. त्यांच्या विद्यार्थिदशेची कथा तेवढी सांगावयाची आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत त्यांनी अध्यापनही केले होते. विद्येची गोडी मुलास लागली ती प्रथम या पित्याकडून. मुंबईच्या चाळीतील एका खोलीत संसार असतानाही मुलाने मागितलेले पुस्तक ते आणून देत आणि त्यासाठी प्रसंगी विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवीत. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानलेल्या कुळातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. संस्कृत शिकण्याची त्यांची उत्कट इच्छा होती, परंतु शाळेत ती वाट त्यांना बंद होती, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वप्रयत्नाने शिकून ती उणीव भरून काढली.

या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्वान गृहस्थांची दृष्टी या मुलाकडे वळली. त्यांच्या मध्यस्थीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवी संपादन करून भीमराव बडोद्याच्या सेवेत रुजू होतात न होतात तोच वडिलांच्या दुखण्याची वार्ता आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. पितृछत्र हरपले, पदरी पत्नी व कुटुंब, आणि हाती केवळ एक पदवी. अशा समयी महाराजांनी पुन्हा हात दिला. अमेरिकेत उच्च शिक्षण घ्यावे व परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, या करारावर ४ जून १९१३ रोजी स्वाक्षरी झाली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बावीस वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्क शहरी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

आता त्याने तेथे काय शिकावयाचे ठरविले ते पाहू. परदेशी शिक्षणाची संधी एखाद्यास आयुष्यात एकदाच मिळते. बॅरिस्टर व्हावे, डॉक्टर व्हावे, धनार्जनाची वाट धरावी, असे कोणासही वाटले असते. भीमरावांनी राज्यशास्त्र विद्याशाखेत प्रवेश घेतला. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार व राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन या भाषांचे प्राथमिक पाठही घेतले. ही यादी नुसती मोजण्यासारखी नाही, तिच्यातील संगती पाहण्यासारखी आहे. इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठाने तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांची एकत्रित पदवी १९२० साली सुरू केली. त्याच्या कितीतरी आधी या विद्यार्थ्याने आपल्या गरजेनुसार हा त्रिवेणी संगम स्वतःच साधला होता.

गुरुजनही त्याला थोर लाभले. सार्वजनिक अर्थव्यवहाराचे अधिकारी पंडित एडविन सेलिग्मन यांच्यापाशी त्यांनी कररचनेचे व राज्याच्या जमाखर्चाचे शास्त्र अभ्यासिले. जॉन ड्यूई यांच्यापाशी त्यांनी नीतिशास्त्र व राजकीय तत्त्वज्ञान यांचे पाठ घेतले. लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धती नसून परस्परांशी वागण्याची, एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूई यांचा सिद्धांत त्यांच्या मनात असा रुजला की पुढे चाळीस वर्षे तो त्यांच्या लेखणीतून व वाणीतून प्रकट होत राहिला. फ्रँकलिन गिडिंग्ज यांच्यापासून त्यांना समाजशास्त्राची दृष्टी मिळाली, तर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रातून मानववंशशास्त्राची.

या सर्व अध्ययनाचा पहिला परिपाक १९१५ साली दिसला. ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व तिचा अर्थव्यवहार या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि त्याच वर्षी एम.ए.ची पदवी संपादन केली. दुसऱ्या वर्षी, ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. त्यात त्यांनी मांडलेला सिद्धांत असा : जातीचे मर्म सोवळेओवळे, अन्नोदकाचे निर्बंध वा धंद्याची वाटणी यांत नसून स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे. हे बंधन टिकवावयाचे तर समाजातील स्त्री-पुरुषांची संख्या तोलून धरावी लागते, आणि त्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा निपजल्या. वरच्या वर्गाने स्वतःभोवती कुंपण घातले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. अशा रीतीने बंद झालेला वर्ग म्हणजे जात. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा हा निबंध १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आजही जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासिला जातो.

१९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अर्थशास्त्राच्या पुढील पदवीसाठी नाव नोंदविले व ग्रेज इन येथे कायद्याचे अध्ययन आरंभिले. तेथेही मॅकिंडर यांच्या हाताखाली भूगोल, लोवेस डिकिन्सन यांच्यापाशी राजकीय विचार आणि हॉबहाऊस यांच्यापाशी समाजाच्या उत्क्रांतीचा विचार, असा त्यांचा क्रम होता. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व ग्रंथ ज्या जहाजावर चढविले होते ते पाणतीराने बुडविले. पोटाला चिमटा घेऊन जमविलेली ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली.

करारानुसार ते बडोद्यास गेले. जगातील दोन श्रेष्ठ विद्यापीठांत शिकलेल्या या विद्वानाला तेथे राहावयास घर मिळेना. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकीत. पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला, तो हिंदू अस्पृश्य असल्याचे कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. वृक्षाखाली बसून अश्रू ढाळणाऱ्या त्या तरुणाच्या चित्राने कोणाचे काळीज हलणार नाही? मात्र एवढ्यावरच थांबणे योग्य नाही. विद्येने मनुष्याची योग्यता वाढते, परंतु समाजाची दृष्टी आपोआप बदलत नाही, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ज्याला मनुष्यबळ म्हणतात ते आपल्या देशात जातीच्या कुंपणामुळे कसे वाया जाते, याचे ते स्वतःच जिवंत उदाहरण झाले होते.

मुंबईस परतल्यावर १९१८ साली त्यांची सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचे दोन लेख प्रसिद्ध झाले. एक भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर, दुसरा तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या सामाजिक पुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण करणारा. शेतीचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी दरिद्री आहे, असे तेव्हा सर्वत्र मानले जाई. भीमरावांनी दाखवून दिले की जमिनीवर अवलंबून असलेली माणसे अतोनात आहेत व त्यांच्या हाती भांडवल व अवजारे अपुरी आहेत, हे खरे दुखणे होय. त्यावर त्यांनी औद्योगीकरणाचा उपाय सुचविला. तुकड्यांच्या मोजमापामागे दडलेला मनुष्य त्यांनी शोधून काढला. पोटापाण्याचे शास्त्र आणि मनुष्याच्या मोलाचे शास्त्र त्यांच्या विचारात असे एकत्र नांदत होते.

प्राध्यापकाच्या वेतनातून काटकसरीने शिल्लक टाकून, शाहू छत्रपतींचे सहाय्य व कोलंबियातील सहाध्यायी नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. तत्पूर्वी ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी ‘मूकनायक’ पत्र सुरू केले होते. लंडनमधील ते दिवस अर्धपोटी अध्ययनाचे होते. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, रात्री बिऱ्हाडी पुन्हा वाचन. इकडे रमाबाईंनी मुंबईत अपार कष्ट सोसून संसार सांभाळला. त्या साध्वीच्या त्यागाचा उल्लेख केल्यावाचून या विद्याभ्यासाची कथा पूर्ण होऊ शकत नाही.

१९२१ साली त्यांना एम.एस्‌सी.ची पदवी मिळाली आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सादर केला. परीक्षकांनी काही भाग पुन्हा लिहावयास सांगितला. तो मुंबईहून सुधारून पाठविल्यावर १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी दिली. तो ग्रंथ त्याच वर्षी लंडनमध्ये प्रकाशित झाला व त्यास त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. गुरूंना शिष्याची सर्व मते मान्य नव्हती, तरी त्याच्या विचारातील ताजेपणाची त्यांनी मनमोकळी वाखाणणी केली.

या ग्रंथाचा विषय सामान्य वाचकास रुक्ष वाटेल, म्हणून तो सोप्या शब्दांत सांगतो. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीसाठी खुल्या ठेवण्याचे बंद केले, आणि पुढे रुपयाची किंमत इंग्रजी नाण्याच्या हिशेबात एक शिलिंग चार पेन्स अशी बांधून ठेविली. जॉन मेनार्ड केन्ससारखे नामांकित अर्थशास्त्रज्ञ या पद्धतीचे समर्थक होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांचे मत खोडून काढले. रुपयाने परदेशी हुंडी किती मिळते यापेक्षा त्या रुपयाने देशातील गरिबाच्या घरात धान्य किती येते, ही खरी कसोटी होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. नाणे पाडण्याची मोकळीक सरकारच्या हाती राहिली तर चलन फुगते, महागाई वाढते आणि मजुराचे वेतन तिच्यामागे रखडत चालते. हुंडणावळीचा दर उतरल्याने निर्यातदारास लाभ होतो खरा, पण तो मजुराच्या ताटातून काढलेला असतो. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी हीच भूमिका मांडली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली व १९३५ साली रिझर्व्ह बँक अस्तित्वात आली. ती एकट्या त्यांचीच निर्मिती होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु देशाच्या चलनाचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या मोजक्या भारतीयांत त्यांची गणना होते, याविषयी शंका नको.

त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहाराच्या विकासावर असून तो १९२५ साली प्रसिद्ध झाला व सयाजीराव महाराजांस अर्पण केला गेला. सेलिग्मन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली आणि १९२७ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. ही पदवी प्रदान केली. १८३३ सालच्या सनदेने सर्व खजिना केंद्राच्या हाती गेला. १८७१ पासून प्रांतांना प्रथम ठरावीक रकमा, १८७७ पासून नेमून दिलेली काही उत्पन्ने आणि १८८२ पासून उत्पन्नातील वाटा, असा क्रम कसा लागला, हे त्यांनी साधार दाखविले. पैसा खर्च करणारा सत्ताधारी लोकांस जबाबदार नसेल तर जमाखर्चाच्या नुसत्या वाटणीने लोकांचे कल्याण होत नाही, हे त्यांचे तात्पर्य होते. पंचवीस वर्षांनी स्वतंत्र भारताच्या घटनेत केंद्र व राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटपासाठी वित्त आयोगाची तरतूद झाली. त्या वेळी मसुदा समितीच्या अध्यक्षपदी याच विषयाचा हा जुना विद्यार्थी बसलेला होता.

घटनासमितीपुढील २५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे भाषण म्हणजे या तिन्ही शास्त्रांचा जणू समारोपच होय. राजकारणात प्रत्येकास एक मत व प्रत्येक मतास सारखे मूल्य आपण देत आहोत. परंतु समाजात व अर्थव्यवहारात विषमता तशीच राहणार आहे. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर कष्टाने उभारलेली लोकशाहीची इमारत पीडित जनता उद्ध्वस्त करील, असा इशारा त्यांनी दिला. मताचा विचार राज्यशास्त्राचा, संपत्तीचा विचार अर्थशास्त्राचा आणि स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा विचार तत्त्वज्ञानाचा. यांतील एकही शास्त्र ज्यास अवगत नव्हते, त्याला हा इशारा इतक्या स्पष्टपणे देता आला नसता.

आपण मिळविलेले ज्ञान स्वतःपाशी ठेवण्याची त्यांची वृत्ती नव्हती. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. तिच्यातर्फे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू झाले. त्यांची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. त्यापूर्वी चारच दिवस त्यांचे परमप्रिय गुरू ड्यूई यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले होते. गुरुशिष्यांची भेट मात्र हुकली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आता आरंभी दिलेले वचन पुरे करतो. जातीचे कुंपण कसे निर्माण झाले हे ज्याने पंचविसाव्या वर्षी उकलून दाखविले आणि ते मोडण्यासाठी जन्मभर झुंज दिली, त्याचे चरित्र एका ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत छापताना आपण जरा थबकावयास हवे. त्या निबंधातील प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. आपले मंडळ गरीब विद्यार्थ्यांना वह्यापुस्तके देते, शुल्क भरते, अडल्यानडल्याच्या उपयोगी पडते. हे कार्य निःसंशय स्पृहणीय आहे. त्याच मंडळाचे वधूवर-सूचक पत्रकही निघते, हे मात्र तो निबंध वाचताना आठवल्यावाचून राहत नाही. आपले मंडळ हात देण्यासाठी आहे की कुंपण राखण्यासाठी, याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या मनाशी द्यावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भीमरावांची विद्येची वाट मोकळी करण्यासाठी ज्यांनी हात दिला, त्यांत बडोद्याचे व कोल्हापूरचे मराठा नरेश होते, एक पारशी मित्र होता आणि विद्यापीठात ज्यू व ख्रिस्ती गुरू होते. यांपैकी कोणीही त्यांची जात आपली आहे का, असे विचारून मदत केली नाही. तसे विचारले असते तर देशाची केवढी हानी झाली असती! आपल्या विद्यार्थी सहाय्यक निधीचा लाभ आज केवळ ज्ञातीतील मुलांस मिळतो. येत्या वार्षिक सभेत कार्यकारी मंडळाने निदान एक शिष्यवृत्ती अशी ठेवावी, जी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचे अध्ययन करू इच्छिणाऱ्या कोणत्याही जातीच्या गरजू विद्यार्थ्यास वा विद्यार्थिनीस मिळेल, अशी नम्र सूचना प्रस्तुत लेखक करीत आहे. रक्कम अल्प असली तरी चालेल. एका मॅट्रिक झालेल्या मुलास दरमहा मिळालेल्या पंचवीस रुपयांचे फळ पुढे साऱ्या देशाला चाखावयास मिळाले, हे आपण पाहिलेच आहे.